एक एकर शेती

मराठवाडा आणि लगतच्या सोलापूर भागातील अल्पभूधारक कुटुंबांतल्या महिलांनी घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा स्वतःच्या निर्णयाने कसण्याची पद्धत. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने ती महिलांच्या गटांमार्फत गावोगाव पोचवली.

या पद्धतीची मुळे शेतीत नसून भूकंपात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावकरी आणि शासन यांच्यात दुवा म्हणून गावातल्याच महिलांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. घराचे बांधकाम नीट होते की नाही हे पाहणे, तक्रार योग्य ठिकाणी नेणे, शेजारच्या गावात काय चालले आहे ते आपल्या गावात सांगणे ही त्यांची कामे. प्रेमा गोपालन (निधन २०२२) यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने घरे बांधून झाल्यावरही ही साखळी तुटू दिली नाही. बचत गट, पाणी, आरोग्य असे विषय येत गेले आणि पुढच्या काळातल्या दुष्काळांनी शेतीचा प्रश्न ऐरणीवर आणला.

शिवारात सोयाबीन आणि ऊस वाढले तशी घरची ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला मागे पडला. पाऊस दगा देऊन गेला की हातात ना पैसा ना दाणे. निंदणी, खुरपणी, काढणी बाईच्या वाट्याला. पेरा कशाचा करायचा हे मात्र घरातले पुरुष ठरवणार. एक एकर शेतीने बोट ठेवले ते नेमके इथे. सगळी जमीन मागितली तर वाद होणार. एका तुकड्याला घरचे तयार होतात, कारण फसले तरी नुकसान थोडे. बहुधा तो तुकडा बरड असतो. त्यात कडधान्ये, ज्वारी-बाजरी, पालेभाज्या, वेलवर्गीय भाज्या अशी मिश्र पिके घेतली जातात. आधी घरचे ताट, मग बाजार असा क्रम असतो.

शिकवणारी बाई तज्ज्ञ म्हणून बाहेरून येत नाही. स्वतःच्या तुकड्यात हे करून पाहिलेली शेतकरीणच ‘कृषी संवाद सहायक’ होते. बीजप्रक्रिया, गांडूळ खत, दशपर्णी अर्क हे सारे अंगणात किंवा बांधावर शिकवले जाते. जीवामृताचेच पाहा : २०० लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ते सावलीत आंबवायचे, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचे. एवढे प्रमाण एका एकराला पुरते. गूळ आणि बेसन सोडले तर दुकानात जावे लागत नाही, म्हणजे खर्चासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तंत्राइतकेच या गोष्टीला महत्त्व द्यायला हवे. बियाण्याची देवाणघेवाण, एकमेकींच्या रानाला भेटी, तालुक्याच्या कृषी कार्यालयात एकटीने न जाता गटाने जाणे ही या शिक्षणाची दुसरी बाजू. साहेबांपुढे दहाजणी उभ्या राहिल्या की उत्तर वेगळे मिळते, हे गटातल्या बायका चांगले ओळखून असतात. या कामासाठी संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचे दुबळेपण मालकीत आहे. तुकडा मिळतो तो तोंडी परवानगीने. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने उलट टोकापासून सुरुवात केली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला महिला शेतकऱ्यांचे विराट अधिवेशन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पतींनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी असे आवाहन करण्यात आले. पुढे राज्य शासनानेही त्याच नावाची योजना काढली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत महिलांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपासच होते. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळवणे दुरापास्त होते, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरता येत नाही. नवऱ्याच्या मागे तर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे सुरू होतात. त्यामुळे अलीकडे काही गटांच्या बैठकांत जीवामृताबरोबर फेरफार आणि वारसनोंदीची माहितीही दिली जाते.