त्रिनिदाद व टोबॅगो : शासनव्यवस्था व राजकारण

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकास, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत वसलेले दोन प्रमुख बेटांचे प्रजासत्ताक. क्षेत्रफळ ५,१२८ चौ. किमी. लोकसंख्या १३,२८,०१९ (२०११). राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. ब्रिटिश वळणाची संसदीय लोकशाही येथे १९६२ पासून चालू आहे. स्पष्ट बहुमत मिळविणारा एक पक्ष व उद्या सत्तेवर येऊ शकणारा दुसरा पक्ष, हे या पद्धतीचे गृहीत होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात भारतीय वंशाचे ३५·४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४·२ टक्के व मिश्र वंशाचे २२·८ टक्के लोक होते. कोणताही एक समाज बहुसंख्य नसलेल्या अशा देशात बहुमताचे तत्त्व कसे राबविले गेले, हे येथील घटनात्मक इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कोलंबस १४९८ मध्ये त्रिनिदादला पोहोचला. स्पेनची सत्ता तेथे १७९७ पर्यंत टिकली. त्या वर्षी ब्रिटिशांनी हे बेट जिंकले आणि १८०२ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. टोबॅगो अनेक यूरोपीय सत्तांच्या हातांतून जाऊन १८१४ मध्ये ब्रिटिशांकडे आले व १८८९ मध्ये त्रिनिदादला जोडण्यात आले. गुलामगिरीच्या उच्चाटनानंतर उसाच्या मळ्यांवर मजुरांची उणीव भासू लागली. ती भरून काढण्यासाठी आणलेल्या करारबद्ध भारतीय मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी येथे आले. १९१७ पर्यंत सु. १,४४,००० भारतीय त्रिनिदादला आले. ते मुख्यत्वे ऊसपट्ट्यात स्थिरावले, तर आफ्रिकी वंशाचा समाज प्रामुख्याने शहरे, तेलउद्योग व सरकारी नोकऱ्या यांत होता. पुढे राजकीय पक्षांचे हक्काचे मतदारसंघ वस्तीच्या याच विभागणीवर उभे राहिले.

विधिमंडळात निवडून आलेले सदस्य प्रथम १९२५ मध्ये आले. तथापि मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार १९४६ च्या निवडणुकीपासून अंमलात आला. इतिहासकार एरिक विल्यम्स (१९११–८१) यांनी १९५६ मध्ये पीपल्स नॅशनल मूव्हमेंट (पीएनएम) हा पक्ष स्थापन करून त्याच वर्षी २४ पैकी १३ जागा जिंकल्या. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट इंडीज संघराज्यात हा देश सामील झाला. परंतु १९६१ च्या सार्वमतानंतर जमेका बाहेर पडल्यामुळे ते संघराज्य १९६२ मध्ये मोडले. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत रुद्रनाथ कपिलदेव यांच्या डेमोक्रॅटिक लेबर पार्टीने अल्पसंख्यांच्या संरक्षणाचा आग्रह धरला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला.

संविधान : १९७० मध्ये कृष्णवर्णीय तरुणांची चळवळ व सैन्यातील बंड यांनी शासन हादरले. १९७१ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकल्याने सर्व ३६ जागा पीएनएमला मिळाल्या. त्यानंतर सर ह्यू वुडिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संविधान आयोगाने १९७४ मध्ये मिश्र स्वरूपाच्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची शिफारस केली. विल्यम्स यांनी ती फेटाळली. १९७६ चे प्रजासत्ताक संविधान त्यामुळे एकसदस्य मतदारसंघ व सर्वाधिक मते मिळविणाऱ्याचा विजय याच पद्धतीवर आधारलेले राहिले. या पद्धतीचे परिणाम लवकरच दिसून आले. १९८१ मध्ये एका नव्या पक्षाला व २००७ मध्ये दुसऱ्या एका पक्षाला एक-पंचमांशाहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही.

शासनयंत्रणा : राष्ट्राध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांचे सदस्य पाच वर्षांसाठी करतात. संसद द्विसदनी असून प्रतिनिधिगृहात २००७ पासून ४१ निर्वाचित जागा आहेत. सिनेटचे ३१ सदस्य नियुक्त असतात : १६ पंतप्रधानाच्या व ६ विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने आणि ९ राष्ट्राध्यक्षाच्या स्वेच्छानिर्णयाने. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा करावयाचा झाल्यास प्रत्येक सभागृहातील एकूण सदस्यांच्या तीन-पंचमांश मतांची आवश्यकता असते. सिनेटमध्ये ही संख्या १९ होते. शासनाकडे स्वतःचे १६ सदस्य असल्याने त्याला किमान तिघांचा पाठिंबा बाहेरून मिळवावा लागतो. म्हणून अपक्ष सिनेटरांना संख्येच्या मानाने मोठे महत्त्व आहे.

बहुमताचा पेच : पीएनएमची सलग तीस वर्षांची सत्ता १९८६ मध्ये संपली. टोबॅगोचे ए. एन. आर. रॉबिन्सन यांच्या नेतृत्वाखालील आघाडीने ३६ पैकी ३३ जागा मिळविल्या. या आघाडीत दोन्ही वंशांचे लोक होते. परंतु ती लवकरच फुटली आणि बासदेव पांडे यांनी १९८९ मध्ये युनायटेड नॅशनल काँग्रेस (यूएनसी) स्थापन केली. २७ जुलै १९९० रोजी जमात अल्-मुस्लिमीनच्या सशस्त्र अनुयायांनी संसदेत शिरून पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस धरले. १ ऑगस्टला ते शरण आले व पुढील वर्षी निवडणूक रीतसर पार पडली.

१९९५ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी १७ जागा मिळाल्या. उरलेल्या दोन सदस्यांच्या पाठिंब्याने पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. डिसेंबर २००१ मध्ये तर १८–१८ अशी तंतोतंत बरोबरी झाली. अशा प्रसंगी पंतप्रधान निवडण्याचा अधिकार संविधानाने राष्ट्राध्यक्षाच्या विवेकावर सोपविला आहे. त्यावेळी राष्ट्राध्यक्ष असलेल्या रॉबिन्सन यांनी नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचा उल्लेख करून पीएनएमच्या पॅट्रिक मॅनिंग यांची नियुक्ती केली. तथापि प्रतिनिधिगृहाला सभापतीच निवडता आला नाही व संसदेचे कामकाज सुरू होऊ शकले नाही. ऑक्टोबर २००२ च्या फेरनिवडणुकीत पीएनएमला २० जागा मिळाल्यावर ही कोंडी सुटली. पुढे जागांची संख्या विषम करण्यात आली. त्यामुळे बरोबरी टळली, पण सत्तेच्या वाटणीचा प्रश्न तसाच राहिला.

टोबॅगो : या बेटाला १९८० मध्ये स्वतःची प्रतिनिधिसभा मिळाली व १९९६ च्या अधिनियमाने तिचे अधिकार वाढले. जानेवारी २०२१ मध्ये तेथेही ६–६ अशी बरोबरी झाली. तेव्हा जागा १२ वरून १५ करून डिसेंबरमध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली.

न्यायसंस्था : सर्वोच्च न्यायसंस्थेत उच्च न्यायालय व अपील न्यायालय यांचा समावेश होतो. कॅरिबियन न्यायालयाचे कार्यालय २००५ पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच असले, तरी देशाची अंतिम अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जात राहिली आहेत.

कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. २०१५ व २०२० मध्ये पीएनएमने सत्ता मिळविली. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत यूएनसीला २६, पीएनएमला १३ व टोबॅगोतील प्रादेशिक पक्षाला २ जागा मिळून प्रसाद-बिसेसर पुन्हा पंतप्रधान झाल्या. १९८६ पासून सत्तांतर अनेकदा मतपेटीतूनच झाले व पराभूत पक्षांनी ते मान्य केले, हे या व्यवस्थेचे मोठे यश होय. वुडिंग आयोगाने सुचविलेली मतदानपद्धती मात्र अद्यापि स्वीकारली गेलेली नाही.