हॉलेबेकेचे शिपाई खुदादाद खान



खुदादाद या फारसी नावाचा अर्थ अल्लाने दिलेला. हे नाव धारण करणारा एक मुलगा २० ऑक्टोबर १८८८ रोजी पंजाबातील चकवालजवळच्या डब नावाच्या खेड्यात जन्मला. ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वोच्च पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. ते मिळविण्याजोगा पराक्रम करणारा पहिला हिंदी सैनिक म्हणून पुढे त्याची नोंद झाली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ही माहिती एका ओळीत आटोपते. त्या ओळीमागे काय होते, ते आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

चकवाल आज पाकिस्तानात आहे. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु १९१४ साली हा सारा मुलूख एक होता, आणि खुदादाद खान ज्या १२९ व्या बलुची पलटणीत होते तिचे मूळ तर आपल्या मुंबई लष्करात आहे. ही पलटण १८४६ साली कराचीत उभारली गेली आणि पुढे कित्येक वर्षे मुंबई लष्कराची २९ वी पलटण म्हणून ओळखली जाई. नाव बलुची; पण १९१४ साली तीत मुख्यतः पंजाबी मुसलमान आणि पठाण होते.

आणखी एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली सुरू झाला, पण तो हिंदी सैनिकास मिळू शकत नसे. गोऱ्या सैनिकाच्या बरोबरीने लढावे, त्याच्या शेजारी मरावे, परंतु त्याचे पदक मात्र मागू नये, असा तो कायदा होता. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात ही आडकाठी दूर झाली, आणि तीनच वर्षांत खुदादाद खान यांची वेळ आली.

महायुद्ध सुरू होताच लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन फ्रान्सकडे निघाल्या. सप्टेंबरच्या अखेरीस पहिली तुकडी मार्सेय बंदरात उतरली. हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये, अंगावर उष्ण मुलखातील सुती खाकी, आणि समोर युरोपचा हिवाळा. बेल्जियममधील ईप्र शहराभोवती त्या वेळी जर्मन सैन्याचा जबरदस्त रेटा चालू होता. फौजा अपुऱ्या होत्या. म्हणून नुकत्याच आलेल्या हिंदी पलटणी तुकड्या तुकड्यांनी जिथे खिंडार पडेल तिथे पाठविल्या जात.

३१ ऑक्टोबर १९१४. हॉलेबेके गावाजवळ बलुची पलटणीच्या दोन मशीनगन मोर्चावर होत्या. तोफेचा गोळा पडून एक मशीनगन निकामी झाली. तुकडीचा इंग्रज अधिकारी जखमी झाला. उरली एक मशीनगन, तिच्यावर सहा माणसे, आणि अंगावर येणारा शत्रू. मशीनगन हे एकट्याचे हत्यार नव्हे. गोळ्यांचा पट्टा सरकविणारा, पेट्या आणणारा, नळी तापू नये म्हणून पाणी पुरविणारा, असे कित्येक हात तिला लागतात. ते हात एकामागून एक थांबत गेले. खुदादाद खान स्वतः जखमी होते, तरीही पाचही सोबती पडेपर्यंत त्यांनी गोळीबार चालू ठेवला. अखेर जर्मन मोर्चात शिरले तेव्हा त्यांना मेलेला समजून शत्रू पुढे गेला. रात्रीच्या अंधारात ते रांगत आपल्या पलटणीकडे पोचले.

या एका मशीनगनने फ्रान्सची बंदरे वाचविली, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ही अतिशयोक्ती वाटते. त्याच दिवशी जवळच्या गेलुवेल्ट गावीही आघाडी फुटली होती आणि तेथे इंग्रज पलटणीने ती सावरली. अशा अनेक ठिकाणी मिळालेला थोडा थोडा वेळ मिळून ईप्र टिकले. त्यातला एक वाटा या सहा जणांचा होता. पाच जणांचा म्हटले तरी चालेल, कारण जिवंत राहिलेल्याचे नाव तेवढे आपल्याला पाठ असते.

‘पहिला’ कोण यावर मात्र थोडा वाद आहे. गढवाल रायफल्सचे नाईक दरवान सिंग नेगी यांनी २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्टुबेर येथे असाच पराक्रम केला. दोघांची पदके एकाच दिवशी, ७ डिसेंबर १९१४ रोजी, जाहीर झाली. परंतु सम्राट पंचम जॉर्ज त्या सुमारास फ्रान्समध्ये होते आणि नेगींना त्यांच्या हस्ते पदक आधीच, ५ डिसेंबरला, मिळाले होते. खुदादाद खान जखमांमुळे अंथरुणाला खिळलेले असल्याने त्यांना ते इंग्लंडमध्ये नंतर मिळाले. म्हणजे पराक्रमाच्या तारखेने एक पहिला, पदक छातीवर लागण्याच्या तारखेने दुसरा. इतिहासात ‘पहिला’ हा शब्द वाचाल तेव्हा कशात पहिला, हे विचारीत जा.

नेगींविषयी गढवालात सांगतात की, काय हवे असे विचारले असता त्यांनी आपल्या भागासाठी शाळा मागितली. कर्णप्रयाग येथे १९१८ साली युद्धस्मारक शाळा निघालीही. पालकांसाठी ही हकीकत मुद्दाम लिहिली आहे.

खुदादाद खान सुभेदारपदापर्यंत चढले आणि निवृत्त झाले. पंजाबात नवे कालवे काढून वसविलेल्या मुलखात माजी सैनिकांना जमिनी मिळत. त्याच मुलखातील मंडी बहाउद्दीन या बाजारपेठेच्या गावाच्या परिसरात त्यांचे उत्तरायुष्य गेले. ते साम्राज्याचे सैनिक होते. त्यांना स्वातंत्र्यसैनिकांच्या पंक्तीत बसविण्याचे कारण नाही. १९४७ साली देशाबरोबर लष्कराचीही वाटणी झाली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली, गढवाल रायफल्स भारताच्या. १९५६ साली व्हिक्टोरिया क्रॉसच्या शताब्दीचा सोहळा लंडनच्या हाइड पार्कमध्ये झाला, त्यासाठी सदुसष्ट वर्षांचे सुभेदारसाहेब पुन्हा एकदा समुद्र ओलांडून गेले.

८ मार्च १९७१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते पैगंबरवासी झाले. हॉलेबेकेच्या त्या रात्रीनंतर अल्लाने त्यांना ५६ वर्षांहून अधिक आयुष्य दिले. मंडी बहाउद्दीनजवळच्या रुखन गावच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. रावळपिंडीच्या लष्करी संग्रहालयात त्यांचा पुतळा आहे.