तगराची चूल आणि रोजची भाकर

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तान्तात तगराचा, म्हणजे आजच्या तेरचा, उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवरील या नगरातून कापड गाड्यांवरून भडोचला जाई. त्या बंदरी इटलीचे मद्य उतरे. व्यापाराची ही श्रीमंती लिहिली गेली; घरोघरची चूल मात्र अलिखितच राहिली. तिची साक्ष उत्खननात सापडलेल्या खापरांनी दिली. पुढे संत गोरोबाकाकांनी याच गावी मडकी घडविली.

या परिसराची काळी जमीन रब्बीत ज्वारी आणि करडई देते, खरिपात तूर. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी आणि करडईच्या तेलाची फोडणी हे साधे ताट आहे. पण त्यात धान्य व डाळ परस्परांच्या प्रथिनांची उणीव भरून काढतात. गहू-तांदूळ स्वस्त झाले, पाकिटातले खाणे घरात आले आणि भाकर गरिबीची खूण ठरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, तेव्हा तिची थोरवी पुन्हा सांगावी लागली.

मराठी बायबलने प्रभूच्या प्रार्थनेसाठी 'भाकर' हाच शब्द स्वीकारला. पाच हजारांना तृप्त करणाऱ्या पाच भाकरीही जवाच्या, म्हणजे गरिबाच्याच होत्या. जी भाकर आम्ही रोज प्रार्थनेत मागतो, ती आमच्या घरी थापलीही जावी.