नांदुरा 'ब्रिटिश इंडिया'त होते काय?

नांदुऱ्याच्या स्वातंत्र्यपूर्व काळाविषयी लिहिताना 'ब्रिटिश इंडिया' हे दोन शब्द लेखणीतून सहज उतरतात. आमच्याही उतरले आहेत. आगगाडी इंग्रजांची, बुलढाण्याचा डेप्युटी कमिशनर इंग्रजांचा, कोर्टकचेऱ्याही त्यांच्याच; मग गाव दुसऱ्या कोणाचे असणार?

तरीही हा प्रयोग चूक आहे. 'ब्रिटिश इंडिया' म्हणजे इंग्रजांच्या अमलाखालचा सारा मुलूख नव्हे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने या शब्दांची व्याख्या बांधली होती. प्रदेश राणीच्या स्वामित्वाचा हवा आणि त्याचा कारभार गव्हर्नर जनरलमार्फत चालायला हवा. वऱ्हाडात दुसरी अट पुरी होत होती, पहिली नव्हे. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. मालकी त्याने सोडली नव्हती. 1902 साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला 25 लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतले, तेव्हाही निजामाचे सार्वभौमत्व करारात मान्यच केले. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, पण ही स्थिती बदलली नाही.

हा भेद नुसता शब्दांचा नव्हता. सबंध ब्रिटिश इंडियासाठी झालेला कायदा शेजारच्या खानदेशात, भुसावळला, आपोआप लागू होई. नांदुऱ्यात तोच लागू करायला वेगळी अधिसूचना काढावी लागे. मध्यवर्ती विधिमंडळासाठी वऱ्हाडने निवडलेला प्रतिनिधी कायद्याच्या दृष्टीने सरकारनियुक्त ठरे. लोकनायक बापूजी अणे त्या सभागृहात बसले ते 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' म्हणून.

उलट बाजूने 'निजामी राज्यातले नांदुरा' असे लिहिणेही तितकेच दिशाभूल करणारे आहे. मराठीत खालसा आणि संस्थानी असे दोन मुलूख आपण मानतो. वऱ्हाड त्यांपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही.

शेतसारा एकाच्या तिजोरीत, मालकी दुसऱ्याच्या नावावर, आणि 1853 काय किंवा 1902 काय, इथल्या कुणब्याला विचारले कोणीच नाही. 'ब्रिटिश इंडिया' असे सरसकट लिहिले की हा सौदाच झाकला जातो. म्हणून यापुढे आम्ही 'ब्रिटिश कारभाराखालचे वऱ्हाड' असे लिहू. शब्द थोडे वाढतील, वाढोत.