लांब लहरींकडे परत
रात्री अब्बा रेडिओचा काटा हळूहळू फिरवायचे. दिवसा मुकी असलेली दूरची केंद्रं तेव्हा मिडियम वेव्हवर बोलू लागायची. खरखरीतून आवाज वेचायची सवय मला तिथेच लागली.

हौशी रेडिओवाल्यांचा इतिहासही ऐकण्याचाच आहे. टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटरखालच्या लहरींवर ढकललं. या लहरी तेव्हा निरुपयोगी समजत; लांब लहरी जहाजांना, नौदलाला आणि कंपन्यांना. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसन गावी तंबू ठोकून बसला आणि अटलांटिकपलीकडच्या हौशींचे मोर्स संकेत त्याने टिपले. हाताशी काय, तर रिसीव्हर, शेकडो फूट लांब तार आणि सबुरी!

लांब लहरींत हौशींना जगभरासाठी जागा मिळायला मात्र जवळपास शतक गेलं. जागतिक रेडिओ परिषदेने २००७ मध्ये १३६ किलोहर्ट्झजवळची आणि २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झची अरुंद पट्टी दिली. १३६ वर पाव लहरीचा उभा अँटेना साडेपाचशे मीटर उंच होईल, म्हणून संदेश पाठवणारे थोडेच.

ऐकणाऱ्याला एवढा खटाटोप नाही, परवानाधारकाचा प्रक्षेपकही नको. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवरून फुकट वापरता येतो. थंडीच्या दिवसांत आपल्या पहाटे, म्हणजे युरोपात रात्र असताना, ४७२ ते ४७५ च्या दरम्यान काटा न्या. मोर्ससाठी ‘सीडब्ल्यू’ निवडा. पहिल्या दिवशी नुसती खरखरच ऐकू येईल कदाचित. अब्बा तेवढ्यावर रेडिओ बंद करत नसत.