निबंधाचा आराखडा
निबंध लिहिण्यापूर्वी मुद्दे, त्यांचा क्रम व उदाहरणे टिपून केलेली मांडणी. शाळेत यालाच ‘मुद्दे काढणे’ म्हणतात. तिचा खरा कस केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लागतो. तेथे निबंध मराठीतूनही लिहिता येतो. तीन तासांत प्रत्येकी १,००० ते १,२०० शब्दांचे, १२५ गुणांचे दोन निबंध लिहायचे असतात. विषय पुष्कळदा सुभाषितवजा एका ओळीचा असल्याने प्रस्तावना-विस्तार-समारोप हा शालेय साचा अपुरा पडतो. आधी स्वतःची भूमिका, मग विरोधी मुद्द्याची जागा ठरवावी लागते. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात नोंदवून क्रम तपासण्याची उलट रीतही उपयुक्त आहे. परीक्षेत मात्र तेवढी सवड क्वचितच मिळते.