नोंदवहीत नाव कुणाचं?

आरोग्यसेवेचा इतिहास आपण सहसा डॉक्टरांचा आणि दवाखान्यांचा म्हणून सांगतो. आज आपण तो नोंदवहीच्या अंगानं पाहू. हे काम करायला लायक कोण, हे कुणीतरी ठरवतं आणि त्याचं नाव वहीत लिहितं. यालाच व्यावसायिक मानक म्हणायचं. आमचा प्रश्न एवढाच, की मानक लावणारा त्या माणसाला पुढं शिकवत राहण्याचा भार उचलतो का?

जालन्यापासून सुरुवात करू. परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३५ साली झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे तो कायदा इथं लागूच नव्हता. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६६ साली परिचारिकांसाठी राज्याचा कायदा आला. नर्सचं नाव वहीत चढलं. पण अंबड-मंठ्याच्या खेड्यात बाळंतपण करणारी दाई? ती वहीबाहेरच राहिली.

या बाहेरच्या बाईला शिकवता येतं, हे १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी दाखवलं. फारसं न शिकलेल्या बायका तिथं आरोग्यसेविका झाल्या. यातली खरी गोष्ट कोणती, बघा. त्या एकदा शिकून घरी गेल्या नाहीत; दर आठवड्याला केंद्रावर परत येत. गावात काय अडलं ते सांगत, नवं शिकून जात. मानक आणि आधार एकाच ठिकाणी होते.

१९७७ साली सरकारनं ही कल्पना देशभर नेली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. योजना उचलली, पण दर आठवड्याचं परत येणं मागं राहिलं. पुढं ती विरत गेली, याचं आम्हाला नवल वाटत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. साधारण हजार लोकवस्तीमागं एक, आणि सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू घटवले होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तेच काम २०११ पासून आशांकडं आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी. वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे. श्वास मोजण्यात चूक झाली तर न्यूमोनिया निसटतो. म्हणजे कौशल्याची अपेक्षा पक्की आहे. पण तिचं पद काय? ‘स्वयंसेविका’!

इथं आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. चूक झाली तर जबाबदार धरायचं, आणि हक्काची वेळ आली की ‘तुम्ही तर स्वेच्छेनं करता’ म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता येत नाहीत. कर्तव्य मागणाऱ्यानं क्षमताही पुरवली पाहिजे.

२०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आनंदच आहे. तिथं डॉक्टर घडतील. पण त्याच इमारतीत महिन्यातून एक दिवस भोकरदन-परतूरच्या आशांसाठी वर्ग भरला, त्यांनी आपले अडलेले प्रश्न आणले आणि शिकल्याचा दाखला घेऊन त्या परत गेल्या, तर जामखेडचा धागा जालन्यात पुन्हा जोडला जाईल. नोंदवही मोठी करायला फार लागत नाही. आधी तिच्यात कुणाचं नाव नाही, हे वाचायला शिकलं पाहिजे.